पाच जणांची भूक आणि १६० पॉइंट

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला आम्ही पहिल्यांदा गेलो ते २०२२ च्या जूनमध्ये. घरी परतल्यावर मी खर्चाची वही उघडली तेव्हा असे दिसले की विमान, उद्यानांची तिकिटे आणि हॉटेल यांचे अंदाज थोड्याफार फरकाने बरोबर आले होते, जेवणाखाण्याचा मात्र जवळजवळ दुपटीने चुकला होता. पैशांचे वाईट वाटलेच, पण एवढे मोजूनही सासूबाई पाच दिवस अर्धपोटी राहिल्या हे अधिक लागले. त्या शाकाहारी आहेत, त्यांचे खाणे मोजके आहे, आणि आमच्या खोलीत एक लहानसा फ्रिज सोडला तर स्वयंपाकाचे काहीही साधन नव्हते. तिसऱ्या रात्री त्या मला म्हणाल्या, "अगं, इथं सगळं आहे, फक्त गरम भात नाही." पुढच्या दोन वर्षांत आम्ही एक करार करून मोडला आणि दुसरा पुरता तपासून केला, त्या सगळ्याची सुरुवात या वाक्यापासून झाली.

मोडलेल्या कराराची हकिगत आधी सांगते, कारण दुसऱ्या कराराच्या वेळी जी सावधगिरी बाळगली ती तिथेच शिकलो. त्याच सहलीत, तिकिटांवर सवलत मिळेल या आशेने, आम्ही एका टाइमशेअर कंपनीचे, म्हणजे सुट्टीत राहायच्या जागेतला वाटा विकणाऱ्या कंपनीचे, सादरीकरण ऐकायला होकार दिला. ही कंपनी डिस्नेशी संबंधित नव्हती. नव्वद मिनिटांचे म्हणून सांगितलेले सादरीकरण चार तास चालले. मुले कंटाळून रडकुंडीला आली होती, सासूबाईंची औषधाची वेळ टळून गेली होती, आणि समोरचा गृहस्थ किंमत तिसऱ्यांदा खाली आणून "हा भाव फक्त आजच्यापुरता" असे बजावत होता. आम्ही दोघेही शिकलेसवरलेले, हिशेबी म्हणवून घेणारे. तरीही सुटका व्हावी म्हणून सही करून मोकळे झालो. रात्री मुले झोपल्यावर मी तो कागदांचा गठ्ठा वाचायला घेतला. वार्षिक देखभाल शुल्क दरवर्षी वाढू शकते आणि त्याला मुदत अशी नाहीच, हे तेव्हा नजरेस आले. नवऱ्याने इंटरनेटवर शोध घेतला, तर त्याच प्रकारची मालकी लोक अक्षरशः एक डॉलरला द्यायला तयार होते आणि तरीही घेणारा मिळत नव्हता.

फ्लोरिडाच्या कायद्यात अशा खरेदीदाराला करार रद्द करण्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे, म्हणजे शनिवार-रविवारही त्यात येतात; मोजणी सही केल्यापासून किंवा शेवटचा आवश्यक कागद हाती पडल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल तिथून सुरू होते. विशेष म्हणजे हा हक्क ग्राहकाकडून लिहून घेऊनही काढून टाकता येत नाही. रद्द करण्याचा पत्ता आणि पद्धत करारातच छापलेली असते, फक्त ती गठ्ठ्याच्या पोटात कुठेतरी असते. आम्ही सहाव्या दिवशी दोघांच्या सहीचे चार ओळींचे पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवले. कारण लिहिले नाही, कारण ते लिहायची गरज नसते आणि लिहिले की त्यावर वाद घालायला कुणीतरी फोन करते. फोन तसाही आला. नवऱ्याने "पत्र पाठवलं आहे" एवढेच सांगितले. काही आठवड्यांनी क्रेडिट कार्डावर पैसे परत जमा झाले आणि आम्ही टाइमशेअर हा शब्द घरात काढायचा नाही असे ठरवले.

तो शब्द पुन्हा निघाला तो स्वयंपाकघरामुळे. पुढच्या वेळी राहण्याच्या जागी ओटा हवा, निदान भात शिजवता आला पाहिजे, ही अट धरून मी शोधू लागले. डिस्नेच्या आवारात पूर्ण स्वयंपाकघर असलेल्या बहुतेक जागा डिस्ने व्हेकेशन क्लबच्या व्हिला आहेत, आणि हा क्लब म्हणजे डिस्नेचा टाइमशेअरच. त्याची सुरुवात १९९१ साली झाली. त्यात ठरावीक आठवडा विकत न घेता पॉइंट घ्यायचे असतात: एखाद्या रिसॉर्टमधला अविभक्त हिस्सा तुमच्या नावावर होतो आणि त्याच्या बदल्यात दरवर्षी तितके पॉइंट खात्यात पडतात. खोली जितकी मोठी आणि तारीख जितकी गर्दीची, तितके पॉइंट जास्त. स्टुडिओ प्रकारच्या खोलीत मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज आणि टोस्टर एवढेच असते. शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज, भांडी आणि कपडे धुण्याचे यंत्र हवे असेल तर एक-बेडरूम व्हिला घ्यावी लागते आणि तिला स्टुडिओच्या साधारण दुप्पट पॉइंट पडतात. आमच्या गरम भाताची किंमत पहिल्यांदा अशी, पॉइंटांच्या भाषेत, समोर आली.

पाच माणसांसाठी जागा पाहताना माझे लक्ष अॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या रिसॉर्टमधल्या किदानी व्हिलेजवर गेले. तिथल्या एक-बेडरूम व्हिलेत पाच जण राहू शकतात आणि मुख्य म्हणजे दोन स्नानगृहे आहेत. सकाळी साडेसातला उद्यानाच्या बससाठी पाच जणांनी तयार व्हायचे असते तेव्हा या दुसऱ्या स्नानगृहाचे मोल काय असते, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्याला वेगळे सांगायला नको. उणी बाजूही होती. हे ठिकाण मॅजिक किंगडम या उद्यानापासून बरेच दूर आहे आणि तिथून उद्यानांत जायला डिस्नेची फक्त बस आहे; काही रिसॉर्टांना मोनोरेल किंवा होडीची सोय आहे तशी इथे नाही.

आता तीन वाटा होत्या. पहिली, क्लबकडून थेट पॉइंट घेणे. तेव्हा नव्या रिसॉर्टांचा भाव पॉइंटला दोनशे डॉलरच्या वर होता. दुसरी, आधीच्या मालकाकडून पुनर्विक्रीत घेणे, जिला सगळे रीसेलच म्हणतात. तिसरी, काहीच विकत न घेता एखाद्या सभासदाचे पॉइंट भाड्याने घेणे. त्याचा दर पॉइंटला वीस डॉलरच्या आसपास होता आणि एकदा पैसे भरले की सहल रद्द झाली तरी ते सहसा परत मिळत नाहीत.

दोघांच्या हिशेबाच्या पद्धती वेगळ्या निघाल्या आणि त्यावरून आठवडाभर चर्चा झाली. आम्हाला १६० पॉइंट हवे होते आणि रीसेलमध्ये ११० डॉलरने व्यवहार जमेल असे दिसत होते, म्हणजे मूळ किंमत १७,६०० डॉलर. अॅनिमल किंगडम व्हिलांचा करार ३१ जानेवारी २०५७ ला संपतो, तेव्हा चौतीस वर्षे धरली तर वर्षाला सुमारे ५१८ डॉलर, म्हणजे पॉइंटमागे सव्वातीन. त्यात वार्षिक देखभाल शुल्क, ज्याला ड्यूज म्हणतात, ते पॉइंटमागे नऊ डॉलरच्या आसपास. बेरीज सव्वाबारा, भाड्याचे वीस. नवरा म्हणाला, घेऊन टाकू. माझे म्हणणे असे की हा हिशेब पैशाला वेळेची किंमत नाही असे धरून केलेला आहे. तेच १७,६०० डॉलर पाच टक्क्यांनी गुंतवले असते तर चौतीस वर्षे दरवर्षी सुमारे १,०८७ डॉलर काढता आले असते. म्हणजे मूळ किमतीचा वार्षिक भार पॉइंटमागे सव्वातीन नसून पावणेसात-सात आहे आणि ड्यूज मिळवले की आकडा सोळाच्या जवळ जातो. भाड्यापेक्षा तरीही कमी, पण वर्षाला साडेसहाशे-सातशे डॉलरच्या फरकासाठी आपण चौतीस वर्षांचे दायित्व घेत आहोत हे स्पष्ट झाले. ड्यूज दरवर्षी वाढतात, कारण त्यात रिसॉर्ट चालवण्याचा खर्च, मोठ्या दुरुस्त्यांसाठीची राखीव रक्कम आणि मालमत्ता कर असे तिन्ही असतात. भाडेही वाढेल असे धरले तर हा मुद्दा दोन्हीकडे सारखा येतो. कर्ज काढून घेण्याचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. गृहकर्जापेक्षा कितीतरी चढ्या व्याजाने सुट्टी विकत घेणे या हिशेबात कुठेच बसत नाही.

२०५७ साली मी पंच्याहत्तरी ओलांडलेली असेन आणि मुले आपापल्या संसारात असतील. त्यामुळे शेवटपर्यंत आपणच वापरू असे आम्ही मानले नाही. दहा-बारा वर्षे वापरून विकायचे, तेव्हा मुदत कमी उरलेली असल्याने भाव उतरलेला असणार, आणि २०५७ ला तर तो शून्यच होणार, हे गृहीत धरून मी आकडे पुन्हा मांडले. दर दोन वर्षांनी तरी सहल झालीच तर व्यवहार परवडतो, तीन वर्षांनी झाली तर भाड्याने घेतलेले बरे, असा निष्कर्ष निघाला. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता दर दोन वर्षांनी तिथंच जायचं का रे?" हा प्रश्न मी हलका मानत नाही. आधी पैसे भरून ठेवले की पुढच्या सुट्ट्यांची दिशाही ठरून जाते, आणि त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. आमची मुले लहान होती, त्यांना तिथेच जायचे होते, म्हणून आम्ही हो म्हटले.

रीसेल घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागल्या. रीसेलच्या सभासदाला काही सोयी मिळत नाहीत. १९ जानेवारी २०१९ पासून पुनर्विक्रीत घेतलेले जुन्या चौदा रिसॉर्टांचे पॉइंट त्या चौदांतच चालतात. रिव्हिएरा या नव्या रिसॉर्टमध्ये आणि त्यानंतरच्या ठिकाणी चालत नाहीत. शिवाय जेवणावरच्या सभासद-सवलतींसारखे जादा लाभ थेट खरेदी करणाऱ्यांसाठी राखलेले असतात आणि तेव्हा त्यासाठी किमान १५० पॉइंट थेट घ्यावे लागत होते. आम्ही वर्षातून पाच दिवस जाणार आणि त्यातही निम्मे जेवण खोलीत करणार, तेव्हा या सवलतींसाठी पॉइंटमागे शंभर डॉलर जास्त मोजण्यात अर्थ नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या रिसॉर्टची मालकी असते, ज्याला होम रिसॉर्ट म्हणतात, तिथे मुक्कामाच्या अकरा महिने आधी आरक्षण करता येते आणि इतर ठिकाणी सात महिने आधी. म्हणून स्वस्त मिळते म्हणून कुठलेही घ्यावे आणि राहायला किदानीत जावे, हा विचार आम्ही केला नाही. सात महिन्यांवर आपल्याला हवी ती खोली उरलेली असेलच असे नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही ब्रोकरमार्फत भाव दिला. पॉइंटांचे वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते, म्हणजे यूज इयर, याकडे नवखे लोक लक्ष देत नाहीत. मी मात्र एप्रिलचेच हवे म्हणून तीन आठवडे थांबले. न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलायचे असतील तर यूज इयरच्या पहिल्या आठ महिन्यांत ते करावे लागते. आम्ही जाणार जूनमध्ये. एप्रिलचे वर्ष असले की ऐनवेळी जूनची सहल रद्द झाली तरी ३० नोव्हेंबरपर्यंत पॉइंट वाचवायला सवड राहते. ऑगस्टचे वर्ष असते तर ती मुदत मार्चअखेरीसच संपली असती आणि जूनमध्ये रद्द केलेले पॉइंट बहुधा वायाच गेले असते.

जो करार मिळाला त्यातले २०२३ चे पॉइंट आधीच्या मालकाने उसने घेऊन आधीच वापरून टाकले होते. अशा करारांकडे बरेच ग्राहक पाठ फिरवतात. आम्हाला २०२४ च्या आधी जायचेच नव्हते, तेव्हा त्याच कारणाने भाव उतरवून मागता आला आणि २०२३ चे ड्यूज विकणाऱ्यानेच भरायचे असेही करारात लिहून घेतले. दहा टक्के रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात राहणाऱ्या खात्यात, भरली. मग कागद डिस्नेकडे गेले, कारण त्याच भावाने तो करार स्वतः घेण्याचा पहिला हक्क त्यांच्याकडे असतो आणि त्यासाठी त्यांना तीस दिवस मिळतात. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी तो हक्क सोडल्याचे कळले. त्यानंतर खात्यात खरोखर किती पॉइंट आहेत आणि ड्यूजची बाकी आहे का, याचे क्लबकडून आलेले लेखी पत्र, मग विक्रेत्याची नोटरीसमोर सही, मग उरलेली रक्कम. पैसे पाठवण्याआधी मी खाते क्रमांक ईमेलवरून न घेता क्लोजिंग कंपनीच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण करून देणाऱ्या कंपनीच्या, आधीच माहीत असलेल्या नंबरावर फोन करून पडताळला. अशा व्यवहारांत बनावट ईमेल पाठवून पैसे वळवणारे असतात.

एक आठवडा नावामुळे गेला. माझ्या पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे आहे, वाहन परवान्यावर त्याचे फक्त आद्याक्षर आहे, आणि कराराच्या मसुद्यात कुणीतरी तेच माझे आडनाव समजून छापले होते. डीड, म्हणजे मालकीचा दस्त, ऑरेंज काउंटीच्या सार्वजनिक अभिलेखात नोंदले जाते, तेव्हा एकदा चुकीचे नोंदले गेले की दुरुस्तीचा खर्च आणि कटकट आपल्याच माथी. मसुदा दोनदा परत पाठवला. भाव देण्यापासून सभासद क्रमांक हाती येईपर्यंत अकरा आठवडे लागले, आणि नोंदणी वगैरेचा खर्च सातशे डॉलरच्या आसपास आला.

१६ जुलै २०२३ ला सकाळी आठला मी संगणकासमोर बसले होते, कारण आम्हाला १६ जून २०२४ ची तारीख हवी होती. तो रविवार. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्रींना जास्त पॉइंट पडतात, तेव्हा रविवारी जाऊन शुक्रवारी परत यायचे, अशा पाच रात्री. सवानाच्या, म्हणजे रिसॉर्टलगतच्या प्राणी फिरणाऱ्या गवताळ मैदानाच्या, दर्शनी बाजूच्या व्हिलेला आमचे पॉइंट पुरत नव्हते, म्हणून साध्या बाजूची घेतली. जिराफ बघायला इमारतीच्या सज्जांत कुणीही उभे राहू शकते.

राहण्याचे ठरले, आणि त्याच सुमारास डिस्नेचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आगाऊ भरायची योजना, परत येणार असल्याचे जाहीर झाले. २०२० मध्ये बंद पडलेली ही योजना ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा लागू होणार होती आणि पॉइंटांवर राहणाऱ्यांनाही ती घेता येत होती. मैत्रिणी म्हणाल्या, घेऊन टाक, डोक्याला ताप नाही. मी पुन्हा वही काढली. मोठ्या प्लॅनमध्ये माणशी प्रत्येक रात्रीमागे एक बसून करायचे जेवण, एक काउंटरवरचे जेवण आणि एक स्नॅक मिळतो. लहान प्लॅनमध्ये काउंटरवरची दोन जेवणे आणि एक स्नॅक. दोन्हींत पेय पुन्हा भरून घेता येणारा एक मग असतो. २०२४ चे दर मोठ्या प्लॅनला रात्रीमागे मोठ्या माणसाचे ९४.२८ डॉलर आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलाचे २९.६९ डॉलर असे होते. लहान प्लॅनला ५७.०१ आणि २३.८३. माझा मुलगा अकरा वर्षांचा झाला होता, म्हणजे या हिशेबात तो मोठा माणूस. चार मोठे आणि एक लहान, पाच रात्री: मोठा प्लॅन २,०३४ डॉलर, लहान प्लॅन १,२५९. टिप वेगळी.

यातली मेख मला दोन दिवसांनी उमगली. मुलांचा दर खरोखर स्वस्त आहे. कार्टूनमधली पात्रे टेबलाजवळ येतात अशा एका बुफेतच सहा वर्षांच्या मुलीचे दिवसाचे पैसे वसूल होतात. पण प्लॅन घ्यायचा तर खोलीतल्या तीन वर्षांवरील सगळ्यांनी तोच घ्यायचा आणि पूर्ण मुक्कामासाठी घ्यायचा. म्हणजे मुलीच्या स्वस्त जेवणाला सासूबाईंचे ९४ डॉलर बांधलेले. मोठ्यांचे पैसे वसूल होतात ते रोज महागड्या मांसाहारी पदार्थासोबत गोड पदार्थ आणि, एकवीस वर्षांवरील माणसाला चालत असल्यास, मद्याचा पेला घेणाऱ्यांचे. आमच्या घरात मद्य कुणी घेत नाही, आणि सासूबाई दोन चमचे भात आणि वाटीभर आमटीवर उठतात. राहिलेली क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधली न वापरलेली जेवणे, शेवटच्या दिवशी मध्यरात्री रद्द होतात. मग ती संपवण्यासाठी निघायच्या दिवशी पाकीटबंद खाऊने पिशव्या भरणारी कुटुंबे दिसतात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

टाइमशेअर आणि हा प्लॅन एकाच जातीचे आहेत हे मला तेव्हा कळले. दोन्हींत पुढच्या काळातल्या स्वतःच्या वतीने आज पैसे भरायचे असतात: एकात चौतीस वर्षांच्या सवडीचे, दुसऱ्यात पाच दिवसांच्या भुकेचे. सवडीबद्दल आम्हाला खात्री वाटत होती, कारण मुलांच्या शाळांच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत. जून महिन्यातल्या फ्लोरिडाच्या उन्हात पाच जणांना कधी आणि किती भूक लागेल, हे मात्र मला सांगता येत नव्हते. शिवाय ओटा असलेली व्हिला दुप्पट पॉइंट देऊन घ्यायची आणि वर बाहेरच्या जेवणाचेही आगाऊ पैसे भरायचे, म्हणजे एकाच भुकेसाठी दोनदा खर्च. आम्ही प्लॅन घेतला नाही.

ओट्याचा विषय निघाला तेव्हा मी एक अट घातली, कारण तसे न केले तर काय होते हे मला चांगले माहीत आहे: सगळे फिरायला जातात आणि सुनेचा ओटा फक्त हजार मैल दक्षिणेला सरकतो. नाश्ता नवऱ्याने करायचा, रात्री एकाच भांड्यात होईल असेच काही शिजवायचे आणि भांडी मुलांनी यंत्रात लावायची. स्वयंपाकाच्या श्रमाची किंमत वहीत धरली नाही तर टाइमशेअरचा हिशेब नेहमीच फायद्याचा दिसतो, हे मी विशेष करून लिहून ठेवते.

बाहेरची दोन जेवणे मात्र ठरवून केली. डिस्नेच्या आवारात राहणाऱ्यांना आगमनाच्या साठ दिवस आधी, त्या एकाच दिवशी, दहा रात्रींपर्यंतच्या पूर्ण मुक्कामासाठी टेबले राखता येतात. आमच्यासाठी तो दिवस १७ एप्रिल होता. मुलीला सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायचे होते. तिथले दर बघून, आणि आजीला तिथे काय खायला मिळेल याचा विचार करून, मी तिला अॅनिमल किंगडम उद्यानातल्या टस्कर हाउस या उपाहारगृहाचा नाश्ता सुचवला, जिथे सफारीच्या वेशातला डोनाल्ड टेबलापाशी येतो. ती फारशी खूश नव्हती. डोनाल्डने तिच्या टोपीवर सही केल्यानंतर तक्रार मिटली. टेबल राखताना फोन नंबर आणि कार्ड द्यावे लागते, आणि दोन तास आधीपर्यंत रद्द न करता गेलो नाही तर माणशी दहा डॉलर कापले जातात, म्हणून दुपारच्या पावसाच्या वेळा टाळून आम्ही एक सकाळची आणि एक संध्याकाळची वेळ घेतली. सहा किंवा अधिक माणसे असतील तर बिलात अठरा टक्के टिप आपोआप लागते. आम्ही पाच होतो, पण टिप तेवढीच दिली.

संध्याकाळचे जेवण किदानीतच खाली असलेल्या सनामध्ये होते. त्या उपाहारगृहाच्या पाककृतींत आफ्रिका आणि भारत यांची सांगड आहे आणि मोठ्या खिडक्यांतून सवाना दिसते. तिथे पाच प्रकारचे नान-रोटी आणि त्यांच्यासोबत चटण्या, रायते, लोणचे अशा नऊ वाट्या एकत्र येतात. वाढणाऱ्या मुलीने शाकाहाराबद्दल नीट विचारून घेतले, कशात काय आहे ते सांगितले. सासूबाईंनी नऊपैकी सात वाट्या चाखून पाहिल्या, खिडकीतून झेब्रा जाताना पाहिला आणि लोणच्याची वाटी आपल्याकडे ओढून घेत म्हणाल्या, "हे मात्र आपल्या घरच्यासारखं आंबट आहे हो." गेल्या खेपेपासून मनात राहिलेली रुखरुख तेव्हा गेली.

रोजच्या जेवणाची गोष्ट त्यामानाने साधी आहे. पहिल्या संध्याकाळी किराणा व्हिलेवर मागवला: तांदूळ, दही, दूध, भाज्या, फळे, पाव. मूगडाळ, मेतकूट, भाजणी आणि छोटा कुकर आम्ही बरोबर नेला होता. शेगडी काचेच्या पृष्ठभागाची, विजेवर चालणारी असते. तिला तापायला वेळ लागतो आणि निवायलाही, त्यामुळे पहिल्या दिवशी खिचडी तळाला लागली. फोडणी करताना पंखा पूर्ण वेगाने लावावा लागतो, नाहीतर धूर ओळखणारा भोंगा वाजायची भीती असते. उद्यानांत बाहेरचे खाणे नेता येते, फक्त काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. मेतकूट-भाताचा डबा सासूबाईंनी दोन दिवस एपकॉटमध्ये सावलीच्या बाकावर बसून खाल्ला आणि आम्ही शेजारच्या काउंटरवरून आमचे घेऊन आलो. एका दुपारी मात्र सगळे इतके दमलो की संध्याकाळी शिजवायचे त्राण उरले नाही आणि खालून पिझ्झा आणला. त्या दिवशी प्लॅन असता तर बरे, असे मला वाटून गेले हेही खरे.

परत आल्यावर बेरीज केली. किराणा १८०, टस्कर हाउस टिपेसह २७५, सना १६५, उद्यानांतली दुपारची जेवणे आणि तो पिझ्झा मिळून ३४०, आइस्क्रीम, लिंबू सरबत आणि इतर किरकोळ खाणे १२०. एकूण १,०८० डॉलर. मोठ्या प्लॅनच्या जवळपास निम्मे आणि लहान प्लॅनपेक्षाही कमी. पण बरोबरची तुलना करायची तर स्टुडिओऐवजी एक-बेडरूम घेण्यासाठी गेलेले जादा पॉइंटही यात धरायला हवेत. ते धरले की स्वयंपाकघराने पैसे वाचवले असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पाच माणसे स्टुडिओत मावली नसती हा मुद्दा वेगळा.

२०२५ साली सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, म्हणून त्या वर्षी आम्ही गेलो नाही आणि नोव्हेंबर संपायच्या आठवडाभर आधी १६० पॉइंट पुढच्या वर्षात टाकले. आता ३२० जमले आहेत. माझ्या बहिणीचे कुटुंबही येणार, म्हणून दोन-बेडरूम व्हिला घ्यायचे चालले आहे. आठ माणसे, टिप आपोआप अठरा टक्के, आणि बहिणीची मुले नऊ वर्षांच्या आतली. डायनिंग प्लॅनचा हिशेब मी नव्याने मांडायला घेतला आहे. सासूबाईंनी मात्र कालच कुकरची रिंग बदलून घेतली आणि मला विचारले, या वेळी मोठा न्यायचा की दोन छोटे.